बेल वाजली की डॉक्टर उठतात

घरात एका पिशवीत साठ पिशव्या कोंबलेल्या असतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. एक ओढावा तर चार बाहेर येतात!

मी विक्रोळीची, दहावी पास. अंधेरीच्या एका मेडिकल कॉलेजात मी खोटी पेशंट बनते. भावी डॉक्टरांना माणसांशी बोलायला शिकवतात, त्या तासाला मी आजारी पडते, नाहीतर कुणा आजाऱ्याची बायको होते. आधी तिथेच केसपेपरच्या खिडकीवर बसायचे. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, इतके पेशंट बघितलेत, आता एक व्हा!"

*

मॅडमच्या मार्कांच्या यादीत एक मुद्दा आहे: पेशंटला पाणी द्या. एकामागून एक सहा मुलं आली, सहाही जणांनी ग्लास पुढे केला. मी आपली प्यायले. सातव्याने विचारलं, "काकू, काय त्रास होतोय?"

"बाळा, आधी बाथरूम कुठेय ते सांग!"

*

दुसरा मुद्दा: वाईट बातमी सांगितल्यावर थोडं गप्प बसा. एक मुलगा बसला, पण टेबलाखाली बोटं मोजत होता. दहा झाल्यावर म्हणाला, "झालं काकू. आता रडा."

*

आज स्वतःबद्दल काय कळलं, ते मुलांनी घरी जाऊन वहीत लिहायचं असतं. एकदा वह्या तपासून मॅडम वर्गात आल्या. "अठरा जणांची आजी एकाच मंगळवारी कशी रे वारली?"

मागून आवाज आला, "मॅडम, ग्रुपवर आली होती."

*

बेलची तर वेगळीच तऱ्हा. परीक्षेत एका खोलीत पाच मिनिटं. बेल वाजली की पुढच्या खोलीत पळायचं, नाहीतर तिथला वेळ फुकट जातो. एक हुशार मुलगा गंभीर होऊन म्हणाला, "काकू, तुमच्या मिस्टरांचं ऑपरेशन झालं, पण..."

बेल!

"थँक्यू काकू!" गेला पळत. माझ्या नवऱ्याचं पुढे काय झालं, मला अजून कळलेलं नाही!

*

प्रणालीचं उलटं. ती पळायची नाही, पण तोंडही उघडायची नाही. "मिस्टर गेले" एवढे दोन शब्द तिला बोलवेनात. पास की नापास ते पेशंटने सांगायचं, हा मॅडमचा नियम. दोनदा मीच तिला नापास केलं. तिसऱ्यांदाही तेच झालं असतं, तर बाकीची बॅच वॉर्डात गेली असती आणि ही मागे राहिली असती.

जिन्यात भेटली. "काकू, मला नाही जमत ओ."

"अगं, खोटा नवरा आहे. मार बिनधास्त!"

तिसऱ्यांदा आली. खुर्ची जवळ ओढली, नाव सांगितलं. म्हणाली, "काकू, बातमी वाईट आहे. आम्ही खूप प्रयत्न केले. तुमचे मिस्टर गेले."

पाणी नाही, बोटं नाहीत. नुसती बसून राहिली. "असं कसं झालं, डॉक्टर?" हे मी ओरडायचं होतं. ते मी विसरलेच.

बेल वाजली. बाहेर पळापळ सुरू झाली. ही जागची हलली नाही.

मॅडमनी दारातून डोकं आत घातलं. "मावशी, पास की नापास?"

"जरा थांबा मॅडम," मी म्हटलं. "माझ्या डॉक्टर अजून बसल्यात."