नवाईआधीची काकडी

त्या काळी मी धुळ्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. घर तापीकाठच्या प्रकाशा गावचे, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. एका भाद्रपदात सपाटीवरची काही सुधारक मंडळी सातपुड्यातल्या एका पाड्यावर ‘मांस सोडा’ असे सांगायला निघाली. वृत्तांत मी लिहायचा होता. मंडळी दुपारनंतर येणार होती. मी सकाळीच पोहोचलो.

ज्यांच्याकडे उतरलो ते पावरा जमातीचे म्हातारबा शहाद्याच्या बाजारात डिंक विकत, त्यामुळे त्यांना अहिराणी येत असे. चढ चढून माझा घसा कोरडा पडला होता. झोपडीमागे कुडावर काकडीचा वेल होता. एक काकडी तोडली, धोतराला पुसली आणि उभ्या उभ्या खाल्ली. त्याहून निरुपद्रवी खाणे मला ठाऊक नव्हते.

देठ हातात असतानाच म्हातारबांच्या पत्नी मागून आल्या. त्यांनी डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली.

नवाई अजून झाली नव्हती. नवे पीक आधी देवाला द्यायचे, मग माणसाने खायचे. तोवर शेतातले पानही कोणी चाखत नसे. नेम पाहुण्याने मोडला तरी जबाब घरधन्याने द्यायचा. दोष फिटला नाही, तर त्या वेलाचे एकही फळ त्या हंगामात त्या घराने खायचे नाही. मक्याला अजून दाणा भरला नव्हता आणि घरातली कणगी तळाला गेली होती.

पाड्यातली माणसे अंगणात जमली. एक बाई मला कळावे म्हणून मुद्दाम अहिराणीत म्हणाली, “मटन खास नही म्हने, आन् काकडी चोरी खादी!” सगळे हसले. म्हातारबा हसले नाहीत.

“बाबा, आता काय?” मी विचारले.

“कोंबडीले इचारनं पडी.”

घरात एकच कोंबडी होती, अंडी देणारी. तिच्यापुढे दाणे ठेवायचे. तिने टिपले, तर ती जीव द्यायला राजी आहे; तिचा बळी दिला की दोष फिटतो. तीनदा विचारायचे, अधिक नाही. माझ्या एका काकडीपायी एक जीव जाणार होता.

“बाबा, सोडा तिला. चूक माझी आहे.”

“चूक तुन्ही, भाऊ, पन येल मन्हा शे. आन् सोडनं मन्हा हातमा नही. ती सांगी.”

त्यांनी कोंबडीचे पाय धुतले, दगडाच्या देवापुढे ज्वारीचे चार दाणे ठेवले आणि आपल्या बोलीत तिला सगळी हकीकत सांगितली, वडीलधाऱ्याला सांगावी तशी. पहिल्यांदा तिने मान वळवली. दुसऱ्यांदा दाण्यांवर पाय दिला. तिसऱ्यांदा दाणे ठेवले तेव्हा एकाने कुत्र्याचे तोंड हाताने मिटून धरले. ज्यांच्या घरी आठवडाभर पोटभर शिजले नव्हते अशी ती माणसे एका पाखराच्या चोचीकडे बघत होती. पुढे मोठमोठ्या सभा पाहिल्या. तशी शांतता पुन्हा आढळली नाही. चोच खाली आली, दाण्यापाशी थांबली आणि वर गेली.

म्हातारबांनी हात उघडले. “नही म्हनस.”

कोंबडी पंख झटकून उकिरड्याकडे गेली. चौथ्यांदा विचारू या असे कोणी म्हणाले नाही. म्हातारबांच्या पत्नींनी दाणे वेचून पदरात घेतले.

दुपारनंतर सभा झाली. प्राण्यालाही जीव असतो, त्यालाही मरण नको असते, असे वक्त्यांनी तळमळीने सांगितले. त्यांच्या पायांजवळून तीच कोंबडी दोनदा गेली. म्हातारबा पुढेच बसले होते. “बराबर शे,” ते म्हणाले. त्यात त्यांना नवे काही वाटल्याचे दिसले नाही.

निघताना मी पुन्हा झोपडीमागे गेलो. वेलावर सात काकड्या होत्या, दोन पिवळ्या पडू लागलेल्या. म्हातारबांची नातवंडे कुडाला लागून खेळत होती. एकानेही वर पाहिले नाही.