कोऱ्या जागेवरची घरं

मोठ्या प्रकल्पांच्या सरकारी कचेरीत तळघरात एक लांबट खोली होती. त्या खोलीत जितके पूल, धरणं आणि विमानतळ उभे राहिले तितके बाहेरच्या जगात कधी राहिले नाहीत. ते सगळे एकाच माणसाच्या हातचे. कचेरीत त्याला बिल्डर म्हणत. तो स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा, त्यामुळे हे नाव जरा जास्तच घट्ट चिकटलं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. कुणी शिपायानं दारातून डोकं घालून "काय बिल्डर, आज किती मजले?" असं विचारलं, की तोही तोंडातली पिन काढून सांगायचा, "तुझ्या साहेबाला विचार, तो मोजतोय."

काम असं होतं. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर नकाशे काढायचे, ते तळघरात यायचे, आणि बिल्डर त्यावरून टेबलाएवढं मॉडेल करायचा. पुठ्ठा, हलकं लाकूड, प्लास्टिकच्या पट्ट्या, धारदार पातं आणि गोंद. मंजुरी देणाऱ्या समितीतल्या लोकांना नकाशे वाचायचा कंटाळा असतो. मॉडेल मात्र सगळ्यांना आवडतं. भलीभली माणसं त्या टेबलापुढे वाकली की लहान होतात, बोटानं गाड्या ढकलून बघतात, आणि मग सही करताना हात आखडत नाही. हे मोठ्या साहेबांना, म्हणजे कचेरीच्या मुख्य इंजिनिअरांना, पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तळघरातल्या या माणसाला ते सांभाळून होते.

तळघराची एक जुनी रीत होती. नकाशावर जे काढलेलं आहे ते अगदी मापात करायचं. जी जागा कोरी सोडली आहे ती आपल्या अंदाजानं भरून काढायची. "टक्कल दिसता कामा नये," असं साहेब म्हणायचे. त्यासाठी बिल्डरकडे एक खोकं होतं. त्यात साच्यातून काढलेली एकसारखी घरं, हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजची झाडं, पेराएवढ्या मोटारी आणि पेराहून लहान माणसं असायची. मूठभर घ्यायची आणि रिकाम्या जागी चिकटवायची. याबद्दल कधी कुणी त्याला जाब विचारला नव्हता. काही खटकलंच तर साहेब येऊन पेन्सिलीच्या टोकानं ते घर किंवा झाड उडवून लावत, एक अक्षर न बोलता. पेन्सिल चालली नाही म्हणजे काम पसंत, एवढं बिल्डरला कळायचं.

मग नदीवरच्या नव्या पुलाचा नकाशा आला. बिल्डरनं तो टेबलावर पसरला आणि त्याचं बोट एका जागी थांबलं. पूल अलीकडच्या काठावर जिथं उतरत होता तिथं त्याच्या थोरल्या बहिणीची गल्ली होती.

ताईचं घर म्हणजे पुढे शिलाईचं दुकान आणि मागे राहायची खोली. नवरा गेल्यावर तिनं त्या एका मशीनवर दोन मुली वाढवल्या, लग्न करून दिल्या, आणि धाकट्या भावाला शिकायला पैसेही तिनंच पुरवले. आजूबाजूच्या शाळांचे गणवेश तिच्याकडून शिवून जायचे. दुकान त्या रस्त्यावर होतं म्हणून गिऱ्हाईक होतं. दोन गल्ल्या आत असतं तर काळं कुत्रं फिरकलं नसतं, हे ती स्वतःच सांगायची.

नकाशावर पुलाचे खांब होते, उताराचा रस्ता होता, वळण होतं. ताईच्या गल्लीच्या जागी मात्र काहीच नव्हतं. कोरा कागद. बिल्डर बराच वेळ त्याकडे बघत बसला, आणि मग त्याचा जीव भांड्यात पडला. कोरी जागा म्हणजे पुलाशी संबंध नसलेली जागा. पोटापाण्याला लागल्यापासून त्याला हेच माहीत होतं. वर विचारायला जावं, हे त्याच्या मनात आलंही नसेल. तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात काय आहे हे तुम्ही शेजाऱ्याला विचारता का?

या खेपेला त्यानं खोक्याला हात लावला नाही. ताईची गल्ली त्यानं एकेक घर करून हातानं उभी केली. कोपऱ्यावरच्या सलूनचं लाकडी बाकडं केलं. पिठाच्या गिरणीचा वाकडा पत्रा केला. ताईच्या दुकानावर कापडाचा खरा तुकडा लावून छप्पर केलं आणि दारात काडीएवढं मशीन ठेवलं. इतकी हौस त्यानं कुठल्या विमानतळावर केली नव्हती. साहेब बघायला आले तेव्हा तो श्वास धरून उभा होता. साहेब गल्लीवर वाकले, मशीन बघून हसले, पेन्सिल खिशातून निघालीच नाही. "जिवंत वाटतंय," एवढं बोलून ते वर गेले. बिल्डरला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

मंजुरीच्या आधी अशा कामांचं प्रदर्शन भरवावं लागतं. लोकांनी येऊन बघावं, काही हरकत असेल तर मुदतीत लिहून द्यावी, असा कायदा. एका मोठ्या हॉलमध्ये मधोमध मॉडेल ठेवलं आणि भिंतींवर नकाशे लावले. या नकाशांत ताईच्या गल्लीवर तिरक्या रेघा होत्या आणि त्या रेघांचा अर्थ खाली मुंगीएवढ्या अक्षरात दिला होता. ही प्रत तळघरात कधी आली नव्हती. बिल्डरला मॉडेलची धूळ पुसायला तिथंच उभं केलं होतं, पण त्याची पाठ भिंतीकडे. आणि हॉलमध्ये आलेल्या माणसाचं लक्ष मॉडेलवरून हटेल तर शपथ.

ताई आली ती अर्धी गल्ली घेऊन. सलूनवाला सगळ्यांत पुढे. त्यानं आपलं बाकडं शोधलं आणि तो लहान पोरासारखा खूश झाला.

"मामा, हे तुम्ही केलंत?" ताईच्या मुलींमुळे अख्खी गल्ली बिल्डरला मामा म्हणायची.

"मग काय तुम्ही केलंत?"

"आणि आमचं गिऱ्हाईक कुठंय? बाकड्यावर कुणीच नाही."

"रोज तरी कुठं असतं?"

सगळे हसले. ताई हसली नाही. ती चष्मा सावरून आपल्या दुकानाकडे बघत होती. तिनं हळूच विचारलं, "धाकट्या, हे असंच राहणार ना रे? लोक काहीबाही बोलतायत."

"बघतेस ना डोळ्यांनी? पूल तिकडून जातोय. तू इथं आहेस."

"पलीकडच्या काठावरचे लोक हरकती लिहितायत म्हणे," सलूनवाला म्हणाला. "आपणही द्यावी का एखादी? सगळ्यांच्या सह्या मी आणतो."

"कशाला? घरं आहेत ना मॉडेलवर. उगाच सरकारच्या डोळ्यावर यायचं," बिल्डर म्हणाला.

कचेरीतला माणूस, त्यात घरचा. त्याच्या शब्दावर गल्ली निर्धास्त झाली. हरकत लिहायचा कोरा कागद सलूनवाल्यानं आणला होता, त्याची पुडी करून त्यानं त्यात सुपारी बांधली आणि तो घरी गेला.

समितीची बैठक झाली तेव्हाही बिल्डर मॉडेलपाशी फडकं घेऊन कोपऱ्यात होता. पलीकडच्या काठावरून हरकतींचा ढीग आला होता. त्या लोकांना नाराज करून चालणार नाही, असं एकजण म्हणाला. तिथला उतार आखडता घ्यावा आणि रस्त्याची सगळी रुंदी अलीकडे घ्यावी, असं दुसऱ्यानं सुचवलं.

"अलीकडच्या काठावर किती हरकती?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकही नाही," साहेब म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला. समजूतदार लोक दिसतात."

बिल्डरच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्याला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. अध्यक्ष उठताना मॉडेलपाशी थांबले, ताईच्या मशीनकडे बोट करून शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, किती बारीक काम आहे." मंजुरी झाली होती.

सगळे गेल्यावर त्यानं साहेबांना गाठलं.

"साहेब, अलीकडे रुंदी घेतली तर त्या गल्लीचं काय?"

"कुठल्या गल्लीचं? ती जागा तर पहिल्यापासून प्रकल्पात आहे. आता आणखी थोडी लागेल इतकंच."

"पण नकाशात ती कोरी होती."

"कोरी करायची आहे म्हणून कोरी. सगळं निघणार तिथलं, मग काढायचं काय?"

"मग मी घरं लावली ती तुम्ही काढली का नाहीत?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरंच आठवून बघितलं. "अरे, छान दिसत होती. मॉडेल म्हणजे काही नकाशा नाही, ते दाखवायला असतं. तुला एवढ्या वर्षांत हे माहीत नाही?" मग त्याचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "कोण राहतं तिथं?"

त्यानं सांगितलं. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी फोन केले, एकदोन ठिकाणी शब्दही टाकला. सगळीकडून एकच उत्तर आलं, मुदत संपली. हरकत असती तर काही करता आलं असतं.

गल्लीत रंगाचा डबा घेऊन माणसं आली आणि दारांवर फुल्या मारून गेली. लोक ओरडले, कचेरीच्या पायऱ्यांवर बसले, अर्ज दिले. मॉडेलवर आमची घरं होती, आम्ही डोळ्यांनी पाहिली, असं जो भेटेल त्याला सांगत राहिले. ऐकणाऱ्याला ते हास्यास्पद वाटायचं. पुठ्ठ्याच्या घरावर कोण एवढा विश्वास ठेवतं? ज्यांचं काहीच जाणार नसतं त्यांना असं विचारायला काय जातं.

तेवढ्यात कामाच्या उद्घाटनाची तारीख ठरली आणि तिथं मॉडेल ठेवायचं होतं. साहेब तळघरात आले आणि बिल्डरकडे न बघता म्हणाले, "तेवढी घरं काढून टाक. तिथं हिरवळ लाव. आता वाद नको." बिल्डरनं पातं हातात घेतलं. खोक्यातली घरं असती तर टिचकीनं निघाली असती. ही त्यानं दोनदा गोंद लावून बसवली होती. ती निघेनात. तुकडे तुकडे करून खरवडावी लागली. ताईचं दुकान त्यानं शेवटी ठेवलं, आणि त्याचे चार तुकडे झाले. खिशात घालून न्यावेत असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण नेऊन तिच्या हातात काय देणार होता? त्यानं ते बाकीच्या कचऱ्यात ढकलले आणि हिरवा कागद कापायला घेतला. नोकरी होती ती.

खऱ्या गल्लीला त्याहून कमी वेळ लागला. ताई भावाकडे राहायला आली. दोन खोल्यांत मशीन मावेना, म्हणून ते जिन्याखाली ठेवलं. भावजयीनं कधी वाकडं तोंड केलं नाही, पण दोन खोल्यांत न केलेलं वाकडं तोंडही दिसतंच. शाळांनी गणवेश दुसरीकडे दिले. ताई दिवसभर शेजारपाजारचं उसवलेलं काहीबाही शिवत बसायची आणि बिल्डर घरी आला की मशीन थांबवून त्याला विचारायची, "दमलास का?" तिचं ते विचारणं त्याला सहन होत नसे. तिनं एकदा तरी फाडून खावं म्हणून तो वाट बघत होता.

एका रविवारी सलूनवाला भेटायला आला. तो आता कुणाच्या तरी दुकानात रोजावर होता. त्यानं साहेबाच्या, समितीच्या, सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "मुद्दाम लावली हो घरं मॉडेलवर. आपण गप्प बसावं म्हणून. आणि मामांनाही अंधारात ठेवलं हरामखोरांनी. त्यांच्याच हातून करून घेतलं." जाताना त्यानं बिल्डरच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मामा."

तो गेल्यावर बिल्डर जिन्याखाली ताईपाशी जाऊन बसला.

"ताई, मला कुणी सांगितलं नव्हतं घरं लावायला. साहेबानं नाही, कुणीच नाही. मीच लावली. जागा कोरी होती म्हणून मी लावली. आणि हरकत देऊ नका असंही मीच म्हणालो."

ताईनं सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा गेला.

"हे कुणाला बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस. त्यांना सरकारला शिव्या देऊ दे. तेवढंच हाताशी राहिलंय त्यांच्या."

"आणि तुला काय वाटतं ते तरी बोल. शिव्या दे मला. काहीही बोल."

मग कापड मशीनखाली सरकवत, त्याच्याकडे न बघता, ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"तुझ्यावर चिडले असते रे. पण मग राहायला कुठं जाऊ?"

आणि तिनं मशीन चालू केलं.