बाराव्या कोड्याचा चहा

आमच्या कंपूतले कोणी दोघं हिंगोलीच्या एसटी स्टँडवर भेटले की एकाची बस चुकलीच म्हणून समजा! एक म्हणणार, "ते जीपचं आठवतं का?" आणि दुसरा म्हणणार, "ते सोड, काकांनी वजीर नाकारला ते सांग." हे किस्से जमवायला आम्ही कधी बसलो नाही. आम्ही बसायचो कोडी सोडवायला, आणि किस्से आपोआप साठत गेले.

कंपू म्हणजे चौघं. बाजारात कॉम्प्युटर क्लास चालवणारे नईमभाई. सेनगावच्या शाळेत गणित शिकवणारा गजानन, म्हणजे आमचा गजा. क्लासची जागा ज्यांची होती ते बापूकाका, हळदीचे जुने व्यापारी. धंदा पोरांवर टाकून दिवसभर आमच्यात बसायचे. आणि कचेरीत कारकुनी करणारा मी.

पुण्याहून बुद्धिबळाचं एक मासिक यायचं. ते दरवर्षी बारा कोड्यांची स्पर्धा घ्यायचं. पट मांडून दिलेला, पांढऱ्यानं ठरावीक चालींत काळ्या राजाला मात द्यायची, आणि ती कशी ते पोस्टानं कळवायचं. कोडी इतकी अवघड, की कॉम्प्युटरची मदत चालेल असं नियमातच लिहिलेलं. बाराही बरोबर आली की मासिकात नाव आणि गाव छापून येणार.

गजानं तो नियम मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "बंदी न्हाई! मंग नईमभाई, तुमचं मशीन काय नुसतं टायपिंग शिकवायला हाय?" तिथून आमचं डोकं फिरलं ते फिरलंच.

* * *

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. नईमभाईंनी औरंगाबादहून बुद्धिबळाचा प्रोग्राम फ्लॉपीवर आणला. त्याला कोडं घातलं की तो उत्तर शोधत राहायचा, आणि अवघड कोड्याला दिवसच्या दिवस जायचे. मध्ये कोणी बटण दाबलं की सगळं पाण्यात! क्लासची पोरं येता-जाता बटणं दाबायचीच. शेवटी नईमभाईंनी स्क्रीनवर कागद चिकटवला: "हात लावू नये. कॉम्प्युटर विचार करून राहिला."

एक दिवस कळमनुरीकडचे एक पाटील पोराचं नाव घालायला आले. त्यांनी कागद वाचला. बराच वेळ बसले, चहा झाला, पान झालं. कागद तसाच. पाटील उठले आणि पोराचा हात धरून म्हणाले, "चल रे. याचंच अजून ठरून न्हाई राहिलं, तुला काय शिकवील हे!"

* * *

बापूकाका बुद्धिबळ शिकले ते त्यांच्या चुलत्याकडून, जुन्या देशी नियमांनी. आज प्यादं पटाच्या शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर करता येतो, घोडा, हत्ती, उंट, मर्जीला येईल ते करता येतं. जुन्या खेळात तशी मर्जी नव्हती. हत्तीच्या रांगेतून गेलेलं प्यादं हत्तीच होणार, घोड्याच्या रांगेतलं घोडा. नियम बदलून जमाना झाला होता, पण काकांना ते कोणी पटवून देऊ शकलं नाही.

एकदा आम्ही त्यांना कॉम्प्युटरशी खेळायला बसवलं. काका बरे खेळत होते. कडेचं प्यादं त्यांनी हळूहळू शेवटपर्यंत नेलं, आणि प्रोग्रामनं खाडकन त्याचा वजीर केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा उतरला.

"हत्तीच्या घरात वजीर कसा आला?"

"काका, आता तसंच असतं. वजीर भेटला, आता तुमी जिंकले!"

"आमी उभ्या जन्मात दुसऱ्याच्या काट्यावरची हळद आपल्या पोत्यात घातली न्हाई," काका खुर्ची मागं सारत म्हणाले. "हा फुकटचा वजीर घेऊ व्हय? हरलो म्हणून लिहा!"

* * *

दोन वर्षं ओळीनं आमची अकरा बरोबर आली आणि बारावं चुकलं. दुसऱ्या वर्षीचा निकाल वाचून गजा टपरीवर गेला, हातातला कप तसाच खाली ठेवला आणि म्हणाला, "बाराच्या बारा येईस्तोवर चहा बंद." आम्हाला वाटलं, राग आहे, उतरेल. पण गजाला ओळखणारा माणूस असं म्हणणार नाही. उतरला तो कप, राग नाही!

आता आपल्याकडं चहा सोडणं म्हणजे काय ते पाहा. दारू सोडली तर लोक कौतुक करतात, चहा सोडला तर नातं तुटतं. त्याच सुमारास गजा वसमतकडं मुलगी पाहायला गेला. सोबत मी. चहा आला. गजानं हात जोडले. मुलीचे वडील ताठ झाले.

"काहून? आमच्या घरचा चालत न्हाई व्हय?"

गजानं खरं ते सांगितलं. बुद्धिबळाचं कोडं, पुण्याचं मासिक, बारापैकी अकरा. मी मनात परतीच्या बसची वेळ आठवू लागलो. तेवढ्यात मुलीची आत्या आतून बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "एका कोड्यापायी चहा सोडून बसलाय हा. असा माणूस बायकोला सोडत नसतो. पक्कं करा!"

लग्न झालं. वहिनी माणूस सोन्यासारख्या, आणि चहाच्या पक्क्या शौकीन. सकाळी त्यांनी कप घेऊन बसायचं आणि समोर गजानं दुधाचा पेला घेऊन. एकदा मला त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ते कोडं कवा सुटंल? मला एकटीला चहा गोड लागत न्हाई." त्या हसत म्हणाल्या, पण मला वाईट वाटलं. त्या दिवसापासून ते कोडं माझंही झालं.

* * *

मग लोडशेडिंगचा काळ आला. कॉम्प्युटर नवा, प्रोग्राम नवा, इंटरनेटवरून उतरवलेला, सगळ्या देशात त्याचाच बोलबाला. पण लाईट? तो विचारात रंगला की लाईट गेलीच. एकदा उत्तरं पाठवायची मुदत जवळ आली आणि हिंगोलीत दिवसभर अंधार. गजा म्हणाला, "सेनगावला दुपारची लाईट हाय. चला."

आम्ही कॉम्प्युटर रजईत गुंडाळला आणि जीपमध्ये बसलो. डबा नईमभाईंच्या मांडीवर, स्क्रीन माझ्या. ड्रायव्हरनं रजईकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "लेकराला जास्त तकलीफ हाय का?" नईमभाई म्हणाले, "हां भाई, सांभाळून ने. याचा इलाज सेनगावलाच हाय." ड्रायव्हरनं एक खड्डा लागू दिला नाही.

सेनगावला पोचलो तर लाईटचं वेळापत्रक त्याच दिवशी बदललेलं. गजाचा मेहुणा हट्ट्याला. तिथं लाईट असल्याचा फोन आला. सेनगाव ते हिंगोली, हिंगोली ते हट्टा, पुन्हा जीप, पुन्हा रजई. संध्याकाळी हट्ट्यात मेहुण्याच्या ओसरीवर मशीन सुरू झालं आणि अर्धं गाव भोवती. प्रोग्रामनं एका झटक्यात उत्तर दिलं. आम्ही उड्या मारल्या. गजानं मासिक उघडून ताडून पाहिलं आणि खाली बसला. कोडं घालताना मीच एक प्यादं भलत्या घरात ठेवलं होतं!

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गजानं मासिक मिटलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "लाईट हाय तवर पुन्हा मांड." त्या वर्षीही अकराच आली.

* * *

आणि मग मासिकानं जाहीर केलं: कॉम्प्युटर वापरून सोडवायची स्पर्धा या वर्षी शेवटची. पुढच्या वर्षापासून बंद. म्हणजे या खेपेला बारा आली नाहीत, तर गजाचा चहा जन्मभरासाठी गेला. हे त्यानं वहिनींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मंग या वर्षी घरचं बाकी काही बघू नका."

अकरा कोडी झाली. बारावं होईना. प्रोग्राम ठामपणे सांगत होता, एवढ्या चालींत मात नाही. आम्ही कोडं पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. प्यादी जागच्या जागी होती. नईमभाईंनी रॅम वाढवली, इन्व्हर्टर आणला, क्लासची एक बॅच बंद ठेवली. प्रोग्रामचं उत्तर तेच: मात नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी लाईट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. गजानं लाकडी पट काढला. पांढऱ्याचं एक प्यादं शेवटच्या घराच्या तोंडाशी उभं होतं. त्याचा वजीर केला की काळ्या राजाला हलायला घरच उरत नव्हतं, शहही नव्हता, म्हणजे डाव बरोबरीत. घोडा केला तर राजा निसटत होता. हत्ती वजिरासारखाच कोंडत होता. गजानं डोकं हातात धरलं. त्याला इतकं थकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बापूकाका आले, पटाकडं वाकले.

"हे प्यादं काहून थांबलंय?"

"त्याचा वजीर केला की घोळ होऊन राहिला, काका."

"वजीर?" काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "उंटाच्या रांगेत हाय ना ते?"

"काका, ते तुमचे जुने नियम..." गजा वैतागून बोलायला लागला आणि मध्येच थांबला. त्यानं डब्यातून उंट काढला. घरात ठेवला. काळ्या राजाला एकच घर मोकळं राहिलं. गजानं त्याला तिथं नेलं, पांढऱ्याची पुढची चाल केली, पुन्हा राजा, पुन्हा चाल. मात! सगळ्या वाटा त्यानं हातानं तपासल्या, घामानं शर्ट ओला झाला तरी उठला नाही.

लाईट आल्यावर नईमभाईंनी प्यादं काढून शेवटच्या घरात उंट ठेवला आणि प्रोग्रामला विचारलं. त्यानं तत्काळ मात दाखवली! मग आमच्या लक्षात आलं. वजीर सोडून उंट कोण मागणार, असं म्हणून बनवणाऱ्यानं प्रोग्रामला तो पर्यायच दिलेला नव्हता. "या अल्ला!" नईमभाई म्हणाले. "एवढं शिकलेलं मशीन, आणि त्याच्या दुनियेत हे उंट होणंच न्हाई!"

शेवटची डाक निघायच्या आत गजानं स्वतः पाकीट टाकलं.

निकालाच्या आधी संपादकांचा क्लासवर फोन आला. नईमभाईंनी स्पीकर चालू केला. बाराच्या बारा बरोबर, आणि बारावं बरोबर आलेले सगळ्या स्पर्धेत फक्त आम्ही! फोन येणार असा निरोप होता, म्हणून वहिनी थर्मास घेऊनच आल्या होत्या. त्यांनी कप भरला आणि गजाच्या हातात दिला. गजानं पहिला घोट घेतला, आणि वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

संपादक बोलतच होते. "पुण्या-मुंबईचे सगळे वजिरावर अडकले हो! मोठमोठे प्रोग्राम अडकले. तुम्हाला तिथं उंट करायचं सुचलं तरी कसं?"

गजाचं तोंड चहानं भरलेलं. त्यानं काकांकडं बोट दाखवलं. काका फोनजवळ सरकले, घसा साफ केला, आणि पुण्याच्या माणसाची कीव आल्यासारखे म्हणाले:

"सुचायचं काय त्याच्यात? तिथं दुसरं काही करता येतं व्हय?"