कोयंड्याचे चार स्क्रू

आमच्या कसब्यातल्या गल्लीत पोलीस आले की निम्म्या दुकानांतली माणसं एकदम जेवायला जायची आणि उरलेली अण्णांच्या दुकानाकडे बोट दाखवायची.

अण्णा म्हणजे माझे वडील, रंगनाथ. कुलपं दुरुस्त करणं आणि चाव्या बनवणं हा त्यांचा धंदा. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक बाहेरच उभं राहायचं. पोलिसांना त्यांच्याकडे चावीचं काम नसायचं, पंच हवा असायचा. चोरी, अपघात, मारामारी काहीही झालं, की जागा पाहून पोलीस पंचनामा लिहितात. त्या वेळी आजूबाजूच्या दोन माणसांनी हजर राहून सही करायची असते आणि पुढे बोलावणं आलं तर कोर्टात जाऊन सांगायचं असतं, की हो, मी हे पाहिलं होतं. एवढंच काम. पण त्याला माणूस मिळत नाही.

"साहेब, मला चष्म्याशिवाय दिसत नाही," आमचे शेजारचे पूजा-साहित्यवाले हवालदारांना म्हणाले होते.

"चष्मा डोळ्यावरच आहे की."

"हा जवळचा आहे."

अण्णा मात्र हातातली कानस खाली ठेवायचे, शटर अर्धं ओढायचे आणि निघायचे. आई चिडायची. मीही चिडायचे. मी हिंजवडीच्या कंपनीत लागले होते आणि माझ्या वडिलांना लोक 'पोलिसांचे पंच' म्हणतात याची मला लाज वाटायची. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "तुम्हालाच का एवढी हौस?"

ते म्हणाले, "अगं, पंच हा पोलिसांचा माणूस नसतो. तो आपला माणूस असतो. पोलीस लिहितात ते खरं आहे का, हे बघायला आपल्यातलं कुणीतरी नको का तिथं?"

मी मान हलवली आणि विषय सोडून दिला.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, दुसऱ्या इमारतीतली एक खिडकी होती. तिथे शर्मिला राहायची. वाशीमकडची होती, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नवऱ्याचं, केदारचं, मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं. घरात तो, ती आणि त्याची आई. पहिले काही महिने ती मला खिडकीतून विचारायची, "ताई, आज काय भाजी?" मग ती खिडकी बंद राहू लागली आणि बंद खिडकीतून रडण्याचे आवाज येऊ लागले.

ते सगळ्यांना ऐकू यायचे. खालच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, समोर. मी हेडफोन लावायचे. आई टीव्हीचा आवाज वाढवायची. अण्णा गॅलरीत जाऊन मोठ्यांदा खाकरायचे. त्यानं दहा मिनिटं शांतता व्हायची. यापलीकडे आम्ही कुणीच काही केलं नाही. खरं ते हेच आहे.

एकोणीस सालच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी समोरून केदारच्या आईची किंकाळी आली. शर्मिलानं आतून कडी लावून गळफास घेतला, दार लाथांनी मोडून आत गेलो, असं केदार सांगत होता. जिन्यात चाळीस माणसं जमली. पोलीस आले. फौजदारांनी पंच कोण होणार विचारलं, तसा जिना बघता बघता रिकामा झाला. कोपऱ्यावरचा केळीवाला अनंत टोपली उचलून निघण्याआधी सापडला, म्हणून तो एक. दुसरे अण्णा. त्यांना कुणी बोलवायला गेलं नाही, ते आपणहून जिना चढून गेले.

आत काय झालं ते त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं. फौजदार लिहीत होते, 'दार आतून बंद होते, लाथा मारून उघडण्यात आले.'

अण्णा म्हणाले, "साहेब, हे आपण पाहिलं का?"

"घरच्यांनी सांगितलंय."

"मग घरच्यांनी सांगितलं असं लिहा. आणि आपल्याला काय दिसतंय ते त्याखाली लिहा."

अण्णांनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं. आतल्या कडीचा दांडा ज्यात अडकतो तो कोयंडा खाली पडला होता. बाजूला त्याचे चार स्क्रू. अण्णा वाकून, कशालाही हात न लावता, बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी मोडलेली दारं दुरुस्त केली होती. लाथेनं दार उघडलं की कोयंडा लाकडाचा लचका घेऊन निघतो, चौकट फाटते, स्क्रू वाकतात. इथे चौकटीची भोकं गोल होती आणि स्क्रू सरळ. त्यांच्या डोक्यावरच्या खाचेत जुना तेलरंग बसलेला होता आणि तो नुकताच खरवडला गेल्यानं खाच चकाकत होती.

"हे पेचकसानं काढलेत साहेब. एकेक करून. आणि आतल्या बाजूनं. म्हणजे काढणारा खोलीत होता आणि दार उघडं होतं."

फौजदार तरुण होते. त्यांनी बॅटरी मागवली, स्वतः खाली बसून पाहिलं, आणि तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. स्क्रू पाकिटात बंद झाले. पाकिटावर अण्णांची आणि अनंतची सही झाली.

घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. "खाकरत बसलो मी," एवढंच म्हणाले.

मग सुरू झालं ते वेगळंच. केदारला अटक झाल्यावर त्याचे नातेवाईक दुकानावर येऊ लागले. आधी गोडीत, मग आडून धमक्या देत. गल्लीतली माणसं तर समजूतदारपणाचा वर्षाव करत होती. "अहो, गेलेली परत येणार आहे का?" "आपल्याला पोरगी आहे, उद्या काही झालं तर?" अण्णा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि चावी घासत राहायचे. मध्ये कोरोना आला, कोर्टं बंद पडली. नंतर तारखा लागल्या. शिवाजीनगरला जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचं, असं सहा वेळा झालं. अनंतनं साक्षीत सांगून टाकलं, की मला काही आठवत नाही, कागद न वाचताच सही केली. आता उरले अण्णा एकटे.

तेवीस सालच्या मार्चमध्ये त्यांची साक्ष झाली. मी रजा काढून बरोबर गेले. एकसष्ट वर्षांचा माझा बाप इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पिंजऱ्यात उभा राहिला, आणि केदारच्या वकिलांनी सुरुवात केली.

"आजवर किती पंचनाम्यांवर सही केलीत?"

"अकरा."

"अकरा! म्हणजे तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच."

"नेहमीचाच. बाकीचे नेहमी नाही म्हणतात ना."

"पोलीस सांगतील तिथं सही करता, असंच ना?"

"नाही. बारावी सही नाही केली."

वकिलांनी इथं थांबायला हवं होतं. पण ते विचारून गेले, "का नाही केली?"

"कागद कोरा होता."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाईंनी मान वर करून अण्णांकडे नीट पाहिलं.

वकील आता चिडले होते. "तुम्ही समोरच राहता. मुलीचा छळ होत होता म्हणता, तर रडणं ऐकू येत असेल."

"यायचं."

"पोलिसांत कळवलंत?"

"नाही."

"दार वाजवलंत?"

"नाही." अण्णांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "ती माझी चूक आहे साहेब. जन्मभर राहील. पण माझ्या चुकीनं ते स्क्रू खोटे होत नाहीत."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. पाकीट फोडलं गेलं, अण्णांनी एकेक स्क्रू ओळखला, लाथेनं निघालेला स्क्रू कसा दिसतो आणि पेचकसानं काढलेला कसा, हे एखाद्या शिकाऊ पोराला सांगावं तसं न्यायाधीश बाईंना सांगितलं. त्यांनी भिंग मागवून पाहिलं.

निकाल सात महिन्यांनी लागला. डॉक्टरांचा अहवाल होता, शर्मिलानं माहेरी केलेले फोन होते, आणि अण्णांची साक्ष होती. केदारला जन्मठेप झाली, पुरावा दडवल्याबद्दल त्याच्या आईला तीन वर्षं. कोर्टाबाहेर शर्मिलाचे वडील झाडाखाली उभे होते. वाशीमहून ते प्रत्येक तारखेला आले होते. त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले.

"माही पोरगी फोनवर म्हने, बाबा, इथं भिंतीले भिंत लागून हाये, पण आइकत कोनी नाई."

मग अण्णांनी त्यांना घरी आणलं, आईनं पोळी-भाजी वाढली. शर्मिलाच्या वडिलांनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची बंद खिडकी पाहिली आणि ते पाणी न पिता उठले.

गल्लीतल्या मंडळानं अण्णांचा सत्कार ठरवला. शाल, नारळ, चौकात फ्लेक्स. पूजा-साहित्यवाल्यांनी स्वतःहून शालीची तयारी दाखवली. अण्णांनी हात जोडले. "शाल नको. पुन्हा कुणाच्या घरातून आवाज आला तर वर जाऊन दार वाजवा. वाटलं तर साखर मागायला आलो म्हणा." काही माणसं ओशाळली, काहींना तो उद्धटपणा वाटला. फ्लेक्स छापून झाला होता, तो एकानं टेम्पोवर ताडपत्री म्हणून वापरला.

गेल्या पावसाळ्यात अण्णांना ताप होता, तेव्हा हवालदार दारात आले. मागच्या बोळात चोरीच्या दुचाक्या सापडल्या होत्या, पंच हवा होता. अण्णा उठायला लागले. मी त्यांना झोपवलं, मॅनेजरला "आज उशिरा लॉगिन करते" असा मेसेज टाकला आणि चप्पल घातली.

पावसात उभं राहून मी प्रत्येक गाडीचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. एका नंबरात तीनच्या जागी आठ झाला होता. मी तो बदलून घेतला आणि मगच सही केली.

"तुमच्या घरात सगळेच असे का हो?" हवालदार वैतागून म्हणाले.

इतकं चांगलं मला आजवर कुणी काही म्हटलेलं नाही.