बिनआवाजाची सायकल

पडदा वर जातो तेव्हा समोर एक बैठकीची खोली दिसते. डाव्या अंगाला स्वयंपाकघर, उजव्या अंगाला झोपायची खोली, तिचं दार अर्धवट लोटलेलं. मधोमध सोफा. सोफ्यासमोर, जिथे एरवी टीपॉय असायचं, तिथे एक काळी व्यायामाची सायकल उभी आहे. उंच, सडपातळ, रुबाबदार. घरात येणाऱ्याला आधी तिला वळसा घालावा लागतो. दुपारची वेळ. आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येतोय. बाकी सगळं शांत आहे.

घोरताहेत ते दोरीमामा. नाटकाच्या पडद्याची दोरी ओढण्यात हयात गेली म्हणून दोरीमामा. खरं नाव पगारपत्रकापुरतं होतं. नाटकातला माणूस म्हटलं की लोकांना चेहरा आठवतो. मामांचा चेहरा प्रेक्षकांनी कधी पाहिलाच नाही. पण पडदा केव्हा पाडायचा हे त्यांच्या हातांना कळायचं. शेवटचं वाक्य संपलं की ते लगेच दोरी सोडत नसत, एक श्वास थांबत. त्या श्वासात प्रेक्षागृहातला हुंदका मोकळा व्हायचा, आणि मग पडदा. कितीतरी नटांना टाळ्या त्या एका श्वासानं कमावून दिल्या आहेत. जे प्रामाणिक होते ते हे कबूलही करायचे. बाकीच्यांनी निदान चहा पाजला.

विंगेत उभं राहणाऱ्यानं आवाज करायचा नसतो. मामा अनवाणी चालायचे, खोकला गिळायचे, शिंक आली तर नाक दाबून डोळ्यांतून पाणी काढायचे. करकरणारी कप्पी म्हणजे त्यांची सात जन्मांची वैरीण. खिशात तेलाची कुपी कायम. थिएटरमध्ये पुढे बटण दाबलं की पडदा सरकायला लागला आणि मामा घरी बसले, पण कान निवृत्त झाले नाहीत. कुणाच्या तरी दाराची बिजागरी कुरकुरली तरी ते जेवता जेवता थांबायचे.

आणखी एक गोष्ट निवृत्त झाली नव्हती, ती म्हणजे दुपारची झोप. प्रयोग रात्री, सामान आवरून घरी यायला पहाट, म्हणून दुपारी झोपायचं हा घरचा कायदा होता. मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. सकाळभर कानाला यंत्र लावून लोकांची लोकांशी गाठ घालून द्यायच्या आणि घरी येऊन कुणाशी मोठ्यानं बोलायचं नाही. पातेली फडक्यावर ठेवायच्या. लेक लहान असताना बाहुलीशी कुजबुजत भांडायची. मामा घरी बसले, रात्रीची जागरणं संपली, तरी दुपारी त्या घरात भांडं वाजत नसे. कायदा रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. ज्यांनी करायचा, त्यांना तर तो सोयीचाच होता.

मग एकदा भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मामी मध्येच पायरीवर बसल्या. कपाळावर घाम, ओठ पांढरे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हृदयाला रोज थोडा दम लागू द्यायचा. तुमचा गुडघा बघता रस्त्यानं चालणं नको. घरच्या घरी सायकल मारा. तीन महिने बघू. फरक पडला तर गोळ्यांवर भागेल. नाही पडला तर नळी घालून आतून तपासावं लागेल."

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. तिनं फोनवर बजावलं, "बाबा, सायकलचे पैसे मी देते. फार महागातली नको, पण आईला बसवून बघा. तुम्ही बसून नका ठरवू."

दुकानात सायकलींची रांगच होती. दुकानदार बोलका. "परवडणाऱ्यांत दोनच धड आहेत, काका. ही बुटकी घ्या. मागे टेकायला पाठ आहे, मध्ये दांडा नाही, पाय उचलावा लागत नाही. खुर्चीत बसतो तसं बसायचं. फक्त हिच्या चाकाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा ठोकळा घासतो, त्यानं पेडल जड होतं, म्हणून आवाज आहे थोडा. ही दुसरी उंच. हिच्यात लोहचुंबक बसवलाय, चाकाला काही टेकतच नाही. आवाज औषधालासुद्धा नाही. बुटकी पण हवी आणि बिनआवाजाची पण हवी, तर मग ती पलीकडची रांग."

पलीकडच्या रांगेतल्या किमतीची चिठ्ठी मामांनी लांबूनच वाचली आणि ती रांग पलीकडेच राहू दिली.

मामी बुटकीवर बसल्या. पाठ टेकून पाय फिरवायला लागल्या. घर्र-टक, घर्र-टक.

"ही बरी आहे हो," त्या म्हणाल्या. "आरामखुर्चीत बसून गावाला निघाल्यासारखं वाटतं."

मामांच्या अंगावर काटा आला. त्यांना दुकान दिसेना. दिसली ती आपली दुपार, अर्धवट लोटलेलं दार आणि दारापलीकडून येणारं ते घर्र-टक. कारण मामींना मोकळा वेळ दुपारचाच होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आपल्या खाली शिकवणीवाल्या बाई राहतात," ते दुकानदाराला म्हणाले, बायकोला नाही. "मुलं अभ्यासाला बसतात. आवाज खाली जातो. शेजाऱ्यांचा विचार नको का करायला?"

शिकवणी संध्याकाळी असायची. जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग संध्याकाळीच पडायचा, आणि तो ओलांडताना मामाच रोज कुरकुरायचे. मामींनी पेडल थांबवलं. नवऱ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

उंच सायकलवर चढताना त्यांनी दुकानदाराचा खांदा धरला. दांड्यावरून पाय नेताना दुसऱ्या हातानं गुडघा उचलावा लागला. "जरा उंचच आहे, नाही?"

"होईल सवय," मामा म्हणाले.

"सवय काय, कशाचीही होते," मामी म्हणाल्या आणि तशाच पाय धरून उतरल्या.

सायकल घरी आली आणि मामांच्या अंगात वारं शिरलं. न्हावी, दूधवाला, खालच्या बाई, जो भेटेल त्याला तेच. "आमच्या हिच्यासाठी शोधून आणली. पंखा आवाज करील, पण ही करणार नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, विचारलं नसतानाही ते कारण सांगत सुटायचे. दुपारी जेवणं झाली की मामा आत, मामी बाहेर. संध्याकाळी उठून मामा सायकलच्या मीटरवरचा आकडा वाचायचे आणि लेकीला फोन लावायचे. "आज तुझी आई थेट गावाबाहेर जाऊन आली बघ." मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "येताना काही आणलं नाही, सांगा तिला."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. जिन्याच्या चार पायऱ्या चढायला लावल्या तर मामींना बोलता येईना.

"सायकल नियमित ना?"

"मीटर मी रोज पाहतो," मामा छाती काढून म्हणाले. मामी पर्समधला रुमाल शोधत राहिल्या.

"एवढा व्यायाम करून हा दम असेल तर मग थांबण्यात अर्थ नाही. नळी घालून बघू." डॉक्टरांनी तारीख दिली. लेकीनं रजा टाकली.

त्या दुपारी मामांना झोप लागली नाही. पंख्याकडे बघत पडले होते. बाहेर काही हालचाल नाही, पण सायकलचा आवाज येतच नाही, तेव्हा ते नवल नव्हतं. थोड्या वेळानं ते उठले आणि जन्मभराच्या सवयीनं अनवाणी, पावलांचा आवाज न करता दाराशी आले.

मामी सायकलवर नव्हत्या. सायकलच्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर मटारच्या शेंगांचं ताट. डाव्या हातानं शेंग सोलत होत्या आणि उजव्या हातानं, हाताचं शिलाई मशीन फिरवावं तसं, पेडल फिरवत होत्या. मध्येच मान वर करून मीटर पाहिलं, हात बदलला, पुन्हा सुरू.

मामा दारात उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी विंगेतून दुसऱ्यांची सोंगं पाहिली होती. हे सोंग मात्र त्यांच्या एकट्यासाठी रोज दुपारी उभं राहत होतं, आणि प्रेक्षक आत घोरत पडत होता. पाय वर जात नाही हे ती सांगणार कुणाला? ज्यानं गावभर कौतुक सांगितलं, त्यालाच?

त्यांनी तिला हाक मारली नाही. आले तसे मागे गेले आणि पलंगावर डोळे मिटून पडले. संध्याकाळी बाहेर येऊन त्यांनी मीटरही वाचलं. रात्री मटारची भाजी होती. त्यांनी मटार ताटाच्या कडेला सारले.

दुसऱ्या दिवशी ते सुताराकडून एक लाकडी पायरी घेऊन आले आणि सायकलशेजारी ठेवली.

"हे काय?" मामी.

"असू दे. पाण्याची बाटली ठेवायला."

मामींनी तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली.

मग ते दुकानात गेले. बुटकी तिथेच, कोपऱ्यात. दुकानदारानं ओळखलं. "काय काका, काकू कशा आहेत? खरं सांगू, त्यांच्या मनात ही बुटकीच भरली होती. माझ्या लक्षात आलं होतं, पण म्हटलं घरच्यांच्या मध्ये आपण कशाला बोला."

"ती उंच परत घ्याल का?"

"घेईन की. थोडं कमी मिळेल. लेकीला विचारून या, पैसे तिच्याच खात्यातून आले होते ना?"

लेकीला विचारायचं म्हणजे तिला सगळं सांगायचं. हातानं पेडल फिरवल्याचं सांगायचं तर ते का, हे आलं. ती उंच का घेतली, हे आलं. मामा घरी परतले ते रिकाम्या हातांनी, आणि रोज स्वतःशी म्हणत राहिले, आज सांगतो, जेवण झाल्यावर सांगतो, तिची गोळी घेऊन झाली की सांगतो. ज्या हातांना नेमका क्षण कळायचा, त्या हातांनी आता कूस बदलून उशी धरली. नळीची तारीख जवळ येत होती. आपल्या एका शब्दानं ती टळेल हे त्यांना कळत होतं, आणि तोच शब्द तोंडातून निघत नव्हता. खाई त्याला खवखवे.

लेक आली. आईला मिठी मारली, बापाची तब्येत विचारली, सायकलला वळसा घालून बॅग आत नेली. "बाबा, एवढे का उतरलात? आईचं होईल सगळं नीट." मामा तिला पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले.

सकाळी तिघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं, नळी कुठून जाईल ते दाखवलं. लेक ऐकत होती. मामा खुर्चीवर न बसता भिंतीशी उभे होते.

"डॉक्टर, एक विचारू?" मामी म्हणाल्या. "रोज सायकल मारूनही फरक नाही, म्हणूनच हे चाललंय ना?"

"मुख्य कारण तेच."

मामींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मग मला सांगायला पाहिजे. मी सायकल मारली नाही. एकही दिवस. हातानं पेडल फिरवायची, मीटर हलावं म्हणून."

लेकीनं वळून पाहिलं. "हातानं?"

"खाली बसून. माझा पाय वर जात नाही गं तिच्यावर. चुकलंच माझं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले, आणि रागवायला हवंच होतं. खोट्या माहितीवर आपण काय करायला निघालो होतो, हे त्यांनी मामींना चांगलं खडसावून सांगितलं. मग जरा शांत होऊन म्हणाले, "आता नळीबिळी नको. गोळ्या चालू ठेवा. झेपेल अशी सायकल आणा, खरोखर पाय फिरवा, मग मला दाखवायला या."

मामींनी मोठा श्वास सोडला. सुटका झाली होती. मामांची तर दुहेरी. तारीख टळली होती आणि कुणी त्यांच्याकडे पाहतही नव्हतं.

लेक मात्र थांबायला तयार नव्हती. काळजी उतरली की राग चढतो, तसं तिचं झालं. "आई, तू लहान आहेस का? दुकानात बसून बघायचं ना. मी बाबांना मुद्दाम सांगितलं होतं, तुला बसवून बघा म्हणून. पाय वर जात नाही हे तिथे नाही कळलं तुला?"

"बसले होते की," मामी म्हणाल्या.

"मग?"

मामींनी एकदा भिंतीकडे, नवऱ्याकडे पाहिलं. दुकानात पेडल थांबवून पाहिलं होतं, अगदी तसंच. त्या पाहण्यात ना तक्रार होती, ना मागणं. जणू त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. मग त्या लेकीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तेव्हा लक्षात नाही आलं गं. म्हातारपणी होतं असं."

"असं कसं लक्षात येत नाही, आई? जिवाशी खेळ आहे हा. स्वतःच्या मूर्खपणापायी तू..."

"तिला बोलू नकोस," मामा म्हणाले.

तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. मामांना तीन माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत धरले.

"तिनं बुटकी पसंत केली होती. बसायला सोपी होती, पाठ होती. मीच नको म्हटलं. शेजाऱ्यांचं नाव सांगितलं, ते खोटं होतं. ती सायकल वाजायची, आणि मला दुपारी झोपायचं होतं."