साठ किलो गूळ, नवे शॉकअप आणि आंबोली घाट

आमच्या आईला गाडी लागते. मंगळवार पेठेतून जयसिंगपूरपर्यंत ती गप्पा मारत येते, पण घाट आला की हातात लिंबू आणि मांडीवर पिशवी. सहा वर्षांपूर्वी आंबोली घाटात जे झालं ते लिहीत नाही, तुमच्यातलं कुणी जेवता जेवता वाचत असेल. तेव्हापासून ती सावंतवाडीला, तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीकडे गेलेली नाही. मावशीचे गुडघे गेलेत, त्यामुळे एसटी बंद. मी आणायला जातो म्हटलं तर, “आधी धाकटीने यायचं, मग मी,” हा तिचा मान. दोघी फोनवर भांडायच्या आणि फोन ठेवला की आई पदराने डोळे पुसायची. मला ते बघवेना.

दोष गाडीचाच होता. बारा वर्षांची गाडी, वळणावर नुसती झोकांड्या खायची. उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेटवर हात दाबून गाडी हलवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

“पावणं, ह्यो पाळणा हाय. कडक स्प्रिंगा आणि नवं शॉकअप टाका. वळणाला झुकली तर नाव बदलीन.”

चारही चाकांचा खर्च अठ्ठावीस हजार. बायकोला मी वीस सांगितला आहे. ती हा ब्लॉग वाचत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला डिकी उघडली तर आत गूळ! दहा-दहा किलोच्या सहा ढेपा.

“आई, दुकान काढायचंय का मावशीला?”

“सहा संक्रांती चुकल्या माझ्या. दर संक्रांतीची एक. रिकाम्या हातानं जाऊ व्हय?”

कागल, निपाणी, उत्तूर, आजरा असं गेलो. गाडीने काय रस्ता धरला होता, नाद खुळा! आंबोलीत भजी आणि चहा झाला; भजी आईने मागून घेतली, हे मुद्दाम नोंदवतो. घाट उतरताना मी वळणागणिक आरशात बघत होतो. लिंबू हातात तसंच. खाली पोचल्यावर तिने ते मीठ लावून खाल्लं. मला तर स्टिअरिंगला मिठी मारावीशी वाटली.

मावशी दारातच उभी होती. “इलंस गो!” एवढंच म्हणाली आणि दोघी रडायला लागल्या. मी आपला ढेपा उतरवत बसलो.

दोन दिवस घावणे आणि सुरमई यांत गेले. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन बाजारात निघालो आणि पहिल्याच खड्ड्यात तिचं डोकं टपाला आपटलं.

“अगं आई गं! कंबर मोडलास की रं माझी!”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. स्प्रिंगा इतक्या कडक, की मागे वजन असेल तरच त्या दबणार. येताना गुळाने आईला सांभाळलं होतं, आणि गूळ तर आता मावशीच्या फडताळात. वाचकहो, स्प्रिंगा बदलाल तर रिकामी गाडी आधी खड्ड्यातून फिरवून बघा. मी बघितली नव्हती.

“जाताना तांदळाचं पोतं टाकू मागे,” मावशीच्या घरी परतल्यावर मी म्हणालो.

“घाटात पोत्याशी काय बोलू?” आई म्हणाली आणि बहिणीकडे वळली. “आक्का, तुझं वजन किती?”

“पंच्याहत्तर. कित्याक?”

“मग तूच बस की.”

अर्ध्या तासात मावशीची पिशवी भरून तयार. घाट चढताना मागच्या सीटवर दोघी अखंड बोलत होत्या. खड्डे येत होते, जात होते. कुणाचं लक्षच नव्हतं. पेट्रोल जाऊन-येऊन अठराशेचं.

मावशीला येऊन आता पंधरा दिवस झाले. काल गाडी कशी चालते ते बघायला मिस्त्री घरी आला. त्याला कमरेची हकिगत सांगितली, तर तो हसायला लागला.

“ह्या शॉकअपच्या डोक्यावर नट हाय की! फिरवला की मऊ. सांगितलं न्हवतं व्हय? दोन मिन्टाचं काम.”

तो पाना घेऊन वाकला, तोच दारातून आई ओरडली.

“हात लावू नका त्याला!”

“अगं, पण मावशीला सोडायला जाताना—” मी म्हणालो.

“सोडायला मी येणार. मग परत येताना मागं वजन कुठलं? म्हंजे हिला परत आणायचं.”

“आणि मग?”

“मग परत सोडायचं की!”

मिस्त्री पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “राहू द्या, कडकच बरी आहे.”