दोरीवरचं बोट

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मावशी लागली ती नवऱ्याच्या जागेवर. तो गेला आणि साहित्य मांडायचं काम तिला मिळालं, तेही हंगामी. सरांनी चांगला शेरा दिला तर कायम, नाही तर घरी बस. आणि घरी शिकती लेक, खाटेला खिळलेली सासू.

नवरा माणूस म्हणून लाख मोलाचा, पण ऐकण्याच्या बाबतीत ठार बहिरा. बायकोनं डावीकडे म्हटलं की हा हमखास उजवीकडे. त्यात एक खोड. बलांच्या बेरजेचा प्रयोग असला की याचं मन पाघळायचं. प्रयोग तसा सोपा. गोल टेबल, मधोमध पिन, पिनीभोवती सैल कडी. कडीला तीन दोऱ्या, त्या टेबलाच्या काठावरच्या कप्प्यांवरून खाली सोडलेल्या, टोकांना वजनं. दोन वजनं सर लावून देणार. तिसरं किती आणि कुठल्या दिशेला, ते पोरांनी गणितानं काढायचं. मग पिन उपसायची. गणित बरोबर असेल तर कडी मध्येच राहते, चुकलं की एका बाजूला धावते.

"तीन आणि चार दर वेळी सात होत नाहीत बरं का," तो जेवताना सांगायचा. "कोण कुठे ओढतंय, त्यावर असतं सगळं." आणि एखादं पोर रडकुंडीला आलं की सरांची नजर चुकवून हा दोरीवर बोट दाबून धरायचा. कडी हलायची नाही, पोर पास!

"अहो, नोकरी घालवाल एक दिवस," ती कानीकपाळी ओरडायची. पालथ्या घड्यावर पाणी.

आता प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. एका मुलीनं पिन उपसली, कडी जागच्या जागी. सरांनी तिचा कागद पाहिला, तर गणित साफ चुकलेलं. पुढच्या मुलाचंही तेच. सरांनी मुलांना बाहेर बसवलं.

"मावशी, नवऱ्याची खोड उचललीत वाटतं? शेरा मलाच लिहायचाय, विसरू नका."

"देवाशपथ सर, मी हातसुद्धा लावला नाही."

सरांनी तिला भिंतीशी उभं केलं. तिसरं वजन काढूनच टाकलं आणि स्वतः पिन उपसली. कडी हलली नाही! तिसऱ्या दोरीच्या टोकाला काही नव्हतं, तरी ती ताठ. कप्पीजवळ मात्र किंचित दबलेली, बोटाएवढी.

"कप्पी अडकली असेल," सर म्हणाले. त्यांनी पिन परत खोचली. "पुन्हा एकदा बघतो. या वेळीही राहिली, तर तुम्ही टेबलात काही केलंय असं वर कळवावं लागेल मला."

तेवढ्यात मावशीला वास आला. बामाचा. तो गुडघ्याला चोळायचा तोच. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की रडूच फुटायचं बाकी होतं. पण लेक होती, सासू होती. सरांचा हात पिनीवर होता.

"अहो, सोडा," ती ओठातल्या ओठात म्हणाली. "पाया पडते तुमच्या, सोडा आता."

सरांनी पिन उपसली. दोरी सैल पडली, कडी धावली आणि वजनं खाली ठणठणली.

"बघा, कप्पीच होती!" सरांचा जीव भांड्यात पडला. "तेल घाला तिला." संध्याकाळच्या आत त्यांनी चांगला शेरा लिहूनही टाकला.

मुलं गेली, सर गेले. खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. मावशीनं दोनच वजनं लावली, तिसरी दोरी मोकळी ठेवली आणि पिन उपसली. ठण्ण. पुन्हा लावली, पुन्हा उपसली. ठण्ण. वास होता तो नुसता फिनेलचा.

ती स्टुलावर बसली आणि ओंजळीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

"जन्मभर माझं एक ऐकलं नाहीत," ती टेबलाकडे बघून म्हणाली, "आणि नेमकं हेच ऐकायचं होतं का हो?"